नट, त्याचे घर आणि आपले डोळे

नाटक पाहायला जाणारा मनुष्य तिकिटाच्या पैशांत नेमके काय विकत घेतो? तीन तास खुर्चीवर बसण्याचा हक्क, चार घटका दुसऱ्याच्या सुखदुःखात रमण्याची सोय, आणि प्रयोग आवडला नाही तर घरी परतताना वाटेत नटांना नावे ठेवण्याची मुभा. सौदा काही वाईट नाही. पण प्रेक्षक नावाच्या प्राण्याचे एवढ्यावर समाधान होत नाही. त्याला पडद्यामागेही डोकवायचे असते, आणि पडद्यामागे डोकावून झाले की नटाच्या माजघरात. नायकाचे लग्न झाले आहे का? झाले असेल तर टिकले आहे का? झालेच नसेल तर का झाले नाही? या शेवटच्या प्रश्नापाशी विचारणाऱ्याचा आवाज खाली येतो, भुवई वर जाते, आणि मग जी कुजबूज सुरू होते ती कित्येकदा नाटकापेक्षाही अधिक रंगते.

त्या कुजबुजीविषयी मला आज लिहायचे आहे. एखादा नट पुरुष असून पुरुषावर प्रेम करणारा आहे, किंवा एखादी नटी स्त्री असून तिचे मन स्त्रीकडे ओढ घेते, असे आपल्याला कळले, तर त्यांच्या अभिनयाकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते का? आणि बदलत असेल, तर त्यात दोष कुणाचा? नटाचा, अभिनयाचा, की आपल्या डोळ्यांचा?

समलिंगी प्रेम हा आपल्या देशात आता गुन्हा राहिलेला नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दंडविधानातल्या ३७७ व्या कलमाचा तेवढा भाग रद्द ठरवला. पण न्यायालयाच्या निकालाने पोलिसांची दंडुकेशाही थांबते, शेजारणीची कुजबूज थांबत नाही. म्हणून या प्रश्नाचा विचार आपण प्रेक्षकांनीच केला पाहिजे. तो नीतिशास्त्रातून करण्यापेक्षा रंगभूमीच्या इतिहासातून करावा, असे मला वाटते. कारण या बाबतीत आपल्या मराठी रंगभूमीपाशी जो अनुभव साठलेला आहे, तो फार थोड्या रंगभूमींना लाभला असेल.

दोन नट, दोन शिक्के

आरंभी निळू फुल्यांची गोष्ट घेऊ. 'सामना'तला (१९७५) साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील ज्यांनी पाहिला, ते त्या नजरेतला थंड माज विसरणार नाहीत. पुढे असे कितीतरी सरपंच आणि पाटील त्यांनी पडद्यावर उभे केले, आणि खेड्यापाड्यांतल्या बायाबापड्या त्यांना प्रत्यक्ष पाहून बोटे मोडू लागल्या. वास्तविक हा गृहस्थ राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतून घडलेला, सामाजिक कामासाठी झिजणारा, वागण्यात कमालीचा साधा. हळूहळू ही गोष्ट सर्वांना ठाऊक झाली. २००९ साली ते गेले तेव्हा महाराष्ट्राने एका सज्जन माणसासाठी अश्रू ढाळले. त्या शिव्यांची पुढे आठवण निघे ती कौतुकाने. नटाला याहून मोठी पावती कोणती, असे आपण म्हणत आलो.

आता दुसरे नट घ्या. कोल्हापूरचे गणपत पाटील. मराठी तमाशापटांचा तो बहराचा काळ होता, आणि तमाशापट म्हटला की त्यात नाच्या हवा, आणि नाच्या म्हटला की गणपत पाटील हवेत, असे समीकरणच होऊन बसले होते. मान वेळावून, हाताची बोटे गालाशी नेऊन, कंबर एका बाजूला मोडून ते उभे राहिले की तंबूतले प्रेक्षक हसून लोटपोट होत. हाही गृहस्थ संसारी, पोराबाळांचा. पण फुल्यांच्या अंगाला लागलेला खलनायकाचा रंग जसा धुतला गेला, तसा यांचा नाच्याचा रंग कधी धुतलाच गेला नाही. माणूस खराच 'तसला' असणार, ही समजूत लोकांच्या मनात घट्ट बसली. तिचा जाच त्यांना तर झालाच, पण घरच्यांनाही सोसावा लागला. मुलांच्या सोयरिकी जमवण्याची वेळ आली तेव्हा बापाच्या भूमिका आड आल्या. २००८ साली कोल्हापुरात त्यांचे निधन झाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्या अभिनयाइतकेच त्यांच्या या दुःखाविषयी लिहिले.

या दोन नटांच्या नशिबांत इतका फरक का पडावा? भूमिका तर दोघांनीही जीव ओतून केल्या. मला याचे कारण असे दिसते: दुष्टपणा हा 'वठवता' येतो असे प्रेक्षक मानतो, पण बायकीपणा वठवता येतो हे मानायला तो तयार नसतो. तो आतूनच आला पाहिजे, असा त्याचा हट्ट असतो. पाटलाने चाबूक उगारला तर तो अभिनय, आणि नाच्याने पदर सावरला तर तो स्वभाव! म्हणजे गणपत पाटलांचा अभिनय जितका अस्सल होत गेला, तितके त्याचे श्रेय नाहीसे होत गेले. कलावंतावर याहून मोठा अन्याय कोणता?

शिवाय यात दुसरीही गफलत आहे. चालण्याबोलण्यातला नाजूकपणा ही एक गोष्ट, आणि मन कुणाकडे ओढ घेते ही सर्वस्वी निराळी गोष्ट. कित्येक रांगडे, मिशीवाले पुरुष पुरुषांवर प्रेम करतात, आणि कित्येक मृदू बोलणारे गृहस्थ चार लेकरांचे बाप असतात. आनंद यादवांच्या 'नटरंग'मधला गुणा हा मुळात पैलवान. कलेच्या वेडापायी तो नाच्या होतो आणि गाव त्याचे पुरुषत्वच नाकारते. २०१० साली अतुल कुलकर्णी यांनी पडद्यावर तो गुणा साकारताना आधी पैलवानाची भरदार देहयष्टी कमावली आणि मग ती उतरवली. तेवढे श्रम प्रेक्षकांना प्रत्यक्ष दिसले म्हणून असेल, किंवा काळ थोडा पालटला म्हणून असेल, पण कुलकर्ण्यांवर नाच्याचा शिक्का बसला नाही. गुणाचे दुःख मात्र ज्यांनी गणपत पाटलांची हकीकत ऐकली होती, त्यांना कल्पित वाटले नाही.

ठाऊक असणे आणि नव्याने कळणे

तमाशाच्या तंबूतून आपण आता संगीत नाटकाच्या नाट्यगृहात येऊ. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. १९११ साली 'मानापमाना'तली भामिनी, १९१६ साली 'स्वयंवरा'तली रुक्मिणी, १९१९ साली 'एकच प्याला'तली सिंधू. त्यांच्या शालूंची, अंबाड्यांची आणि गजऱ्यांची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत, हे आपण आजीच्या तोंडून ऐकलेले असते. आता विचार करा. त्या प्रेक्षागारात बसलेल्या प्रत्येक माणसाला पक्के ठाऊक होते, की ही सिंधू पुरुष आहे, गृहस्थ आहे, हिचे नाव नारायणराव आहे. तरीही सिंधू दळायला बसली की बायकांच्या डोळ्यांना पदर लागत.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्या रात्रीचे वर्णन करताना जुनी मंडळी थकत नसत. त्या रात्री रंगमंचावर दोन पुरुष एकमेकांशी प्रणयाचे संवाद बोलत होते, ही साधी वस्तुस्थिती त्या वर्णनांत कुठेच येत नाही! ती लपवलेली नव्हती, पण कुणाला ती दिसलीच नाही. दिसले ते धैर्यधर आणि भामिनी.

यावरून मी जो निष्कर्ष काढतो तो असा: नटाविषयीची माहिती ही स्वतः रसाच्या आड येत नाही. सर्वांना उघडपणे ठाऊक असलेली गोष्ट नाटकाच्या पहिल्या पाच मिनिटांत विरघळून जाते. रसात खडा होतो तो नव्याने कळलेल्या, कानात सांगितलेल्या, अर्धवट गोष्टीचा. बालगंधर्व पुरुष आहेत ही माहिती होती, बातमी नव्हती. गणपत पाटलांविषयी जे बोलले जाई ती खोटी असूनही बातमी होती. बातमी माणसाला स्वस्थ बसू देत नाही. ती दर वाक्याला, दर हावभावाला पुरावा शोधत राहते.

आमच्या जुन्या शास्त्रकारांनी हे ओळखले होते. अभिनवगुप्ताने रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले एक असे, की समोरचे सुखदुःख अमक्या एका व्यक्तीचे, अमक्या स्थळाचे आणि काळाचे आहे या जाणिवेत प्रेक्षक अडकून पडतो. यावर उपाय म्हणून पूर्वरंग, प्रस्तावना, नटाच्या मस्तकावरचा मुकुट, त्याची वेशभूषा ही सारी योजना. नटाचे नटपण झाकावे, म्हणजे प्रेक्षकाचे मन मोकळे होईल. वर्गात हा भाग शिकवताना मी विद्यार्थ्यांना सांगतो, की हल्लीच्या दिवसांत अभिनवगुप्त असता तर आठवे विघ्न म्हणून त्याने नटनट्यांच्या खाजगी आयुष्याविषयीची सदरे लिहून ठेवली असती.

सातासमुद्रापलीकडचा पुरावा

ही केवळ आपल्या मातीतली गोष्ट आहे असे कुणाला वाटेल. म्हणून थोडे इंग्लंड-अमेरिकेकडे पाहू. तिथे तर प्रश्न अधिक उघडपणे, आणि कधीकधी अधिक क्रूरपणे, विचारला गेला.

सर जॉन गिलगुड हे विसाव्या शतकातल्या इंग्रजी रंगभूमीवरचे एक थोर नट. १९५३ च्या जून महिन्यात त्यांना 'सर' हा किताब मिळाला, आणि ऑक्टोबरात त्याच सर जॉनना लंडनमध्ये पोलिसांनी समलिंगी वर्तनाच्या आरोपावरून पकडले. दंड झाला अवघा १० पौंड, पण वर्तमानपत्रांनी नावानिशी बातमी छापली. त्या वेळी एन. सी. हंटर यांच्या एका नव्या नाटकाचा त्यांचा दौरा सुरू व्हायचा होता. लिव्हरपूलच्या प्रयोगाला रंगमंचावर पाऊल टाकण्याचे त्यांना धैर्य होईना. तेव्हा त्यांच्या सहकलाकार, ज्येष्ठ अभिनेत्री सिबिल थॉर्नडाइक यांनी त्यांना हाताला धरून प्रेक्षकांसमोर आणले. आणि प्रेक्षक? प्रेक्षकांनी उठून टाळ्यांचा कडकडाट केला!

ध्यानात घ्या, हा १९५३ चा काळ होता. इंग्लंडात समलिंगी वर्तन हा गुन्हा होता, आणि तो १९६७ पर्यंत गुन्हाच राहिला. त्या काळातल्या तिकीट काढून आलेल्या सामान्य माणसांनी एका रात्रीत ठरवले, की आम्हांला हा नट हवा आहे. गिलगुड त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक काम करीत राहिले. आपल्यापैकी बहुतेकांनी त्यांना पाहिलेले आहे. अॅटनबरोंच्या १९८२ सालच्या 'गांधी' चित्रपटातले लॉर्ड आयर्विन म्हणजे हेच. त्यांना पाहताना आपल्या मनात मिठाचा सत्याग्रह होता, लंडनचे पोलीस ठाणे नव्हते.

दुसरे उदाहरण रॉक हडसनचे, आणि ते माझ्या मते या साऱ्या प्रश्नावरचा सर्वांत बोलका पुरावा आहे. उंचापुरा, देखणा, १९५०-६० च्या अमेरिकन बोलपटांतला आदर्श नायक. १९५९ सालच्या 'पिलो टॉक' या विनोदी चित्रपटात तो डोरिस डेला फसवण्यासाठी एक सोंग घेतो. या सोंगातल्या माणसाला बायकांत फारसा रस नसावा, असे तो सूचित करतो. प्रेक्षक खो खो हसले. जुलै १९८५ मध्ये हडसनला एड्स झाल्याचे जाहीर झाले आणि ऑक्टोबरात तो मरण पावला. तो आयुष्यभर पुरुषांवर प्रेम करीत आला होता, हे जगाला त्या वेळी कळले. म्हणजे त्या प्रसंगात एक समलिंगी नट, स्त्रीलंपट नायकाची भूमिका करताना, समलिंगी असल्याचे सोंग घेत होता! सोंगाच्या आत सोंग, आणि त्याच्याही आत खरा माणूस.

आज तो चित्रपट पाहा. फिल्मवरची एकही चौकट बदललेली नाही. हडसनच्या आवाजातला एकही चढउतार वेगळा झालेला नाही. तरीही १९५९ चा प्रेक्षक जिथे नुसता हसला, तिथे आजचा प्रेक्षक हसता हसता थबकतो. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत करतात तसा हा प्रयोग काळाने आपल्यासाठी करून ठेवला आहे. अभिनय तोच, बदलले ते आपले ज्ञान. मग जो फरक आपल्याला 'दिसतो', तो पडद्यावर नाही, आपल्या डोळ्यांत आहे. आणि आणखी एक. ज्या लक्षावधी प्रेक्षकांनी इतकी वर्षे या माणसाला स्त्रियांचा प्रियकर म्हणून मनोमन मानले, त्यांची फसवणूक झाली म्हणायची का? माझ्या मते मुळीच नाही. त्यांना अभिनय हवा होता आणि अभिनयच मिळाला.

हडसनला जे जन्मभर लपवावे लागले ते इयन मकेलन यांनी १९८८ साली बीबीसीच्या रेडिओवर सरळ सांगून टाकले. समलिंगी प्रेमाच्या प्रचाराला बंदी घालू पाहणाऱ्या एका कायद्यावर त्या वेळी वाद चालला होता. नट म्हणून संपलात, असे त्यांना कुणी म्हटले असते तर नवल नव्हते. प्रत्यक्षात त्यानंतरच त्यांचा चित्रपटातला खरा उत्कर्ष झाला. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या (२००१-२००३) तीन चित्रपटांतला जादूगार गँडाल्फ जगभरच्या मुलांना पाठ आहे. तो घरी कुणाबरोबर राहतो, हा प्रश्न एकाही मुलाला पडलेला नाही. लपवाछपवी संपल्यावर आपला अभिनय सुधारला, असे मकेलन स्वतः अनेकदा सांगत आले आहेत. यात मला काही आश्चर्य वाटत नाही. ज्या नटाला रंगमंचाबाहेरही चोवीस तास एक भूमिका निभवावी लागते, त्याची निम्मी शक्ती तिथेच खर्च होत असणार.

आक्षेप आणि भीती

हा वाद मात्र इतक्या सहज मिटलेला नाही. २०१० साली अमेरिकेच्या 'न्यूजवीक' साप्ताहिकात एक लेख आला. लेखक स्वतः समलिंगी. म्हणणे असे, की समलिंगी म्हणून सर्वांना ठाऊक असलेले नट स्त्रीच्या प्रियकराच्या भूमिकेत खरे वाटत नाहीत. उदाहरणासाठी त्याने शॉन हेज या नटाचे ब्रॉडवेवरच्या 'प्रॉमिसेस, प्रॉमिसेस' या संगीत नाटकातले काम घेतले. हेजची नायिका क्रिस्टिन चेनोवेथ हिने त्या लेखाला जाहीर पत्राने खरमरीत उत्तर दिले. आणि त्याच भूमिकेसाठी हेजचे नाव त्या वर्षीच्या टोनी पारितोषिकाच्या नामांकनांत होते! दूरचित्रवाणीवर तर याहूनही ठळक पुरावा चालू होता. नील पॅट्रिक हॅरिस हा नट २००५ पासून एका लोकप्रिय मालिकेत बायकांमागे धावणाऱ्या छचोर तरुणाचे काम करीत होता. २००६ साली त्याने आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. मालिका २०१४ पर्यंत चालली, आणि त्याच्या छचोरपणाला लोक पूर्वीइतकेच हसत राहिले.

मग भीती कुणाला वाटते? रुपर्ट एव्हरेट या इंग्रज नटाने २००९ साली कडवटपणे सांगितले, की उघडपणे बोलल्याने नायकाच्या भूमिका आपल्याकडे येईनाशा झाल्या, आणि तरुण नटांनी हे सांगण्याच्या भानगडीत पडू नये. त्याचा अनुभव मी खोटा म्हणणार नाही. पण त्याच्या बोलण्यातला रोख पाहा. भूमिका नाकारल्या त्या निर्मात्यांनी. 'आम्हांला काही नाही हो, पण प्रेक्षक काय म्हणतील!' हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. 'आम्हांला काही नाही, पण भाऊबंद काय म्हणतील' असे म्हणत आपल्याकडे किती लग्ने मोडली गेली! प्रेक्षकाचे नाव पुढे करून निर्माता स्वतःच्या मनातली भीती बोलत असतो. आपल्या चित्रसृष्टीत पडद्यामागच्या काहींनी उघड बोलण्याचे धैर्य दाखवले, आघाडीच्या नायकांकडून मात्र तसा शब्द ऐकू आलेला नाही. तो का नाही, हे या वाक्यात आले.

या भीतीचा एक नमुना मी फार जवळून पाहिला. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या एकांकिकेत नायकाचे काम एका मुलाला दिले होते. आवाज स्वच्छ, उच्चार खणखणीत, आणि गप्प राहून ऐकण्याची कला त्याला उपजत होती. समोरचा बोलत असताना ऐकणे ही अभिनयातली सर्वांत अवघड गोष्ट, ते जाणणारे जाणतात. तालमी रंगात आल्या आणि कुणीतरी त्याच्याविषयी काहीबाही पसरवले. खरे काय ते मी विचारले नाही, तो माझा अधिकारही नव्हता. मुलांची समिती माझ्याकडे आली. ''सर, आम्हांला काही प्रॉब्लेम नाही, पण प्रेमाच्या सीनला पब्लिक हसेल.'' मी म्हटले, ''हसू द्या. पुढचे वाक्य ऐकू येईपर्यंत हसतील.''

प्रयोगाच्या दिवशी मी मुद्दाम शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. नायक आला तशी एक शिट्टी आली. नायिकेचा हात त्याने हातात घेतला तेव्हा खसखस पिकली. मी घड्याळाकडे पाहिले. पुढे तिचे पत्र वाचून तो नुसता उभा राहतो आणि पत्राची घडी पुन्हा होती तशी घालतो, असा प्रसंग होता. तिथपर्यंत चार मिनिटे गेली असतील. सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. शिट्टी घालणारा मुलगा माझ्या पुढच्याच रांगेत होता, तो पुढे वाकून पाहत होता.

त्या मुलाला अभिनयाचे उत्तेजनार्थ पारितोषिक मिळाले. पुढल्या वर्षी पुन्हा नाटकात ये, असे मी त्याला म्हटले तेव्हा तो म्हणाला, ''सर, ती चार मिनिटे तुम्ही घड्याळात मोजली. मला ती महिनाभर रोज मोजावी लागली. परत नको.'' तो आता नोकरीत आहे, बरा आहे. दिवाळीला त्याचा फोन येतो. पण नाटक त्याने सोडले ते सोडले. प्रेक्षकांनी त्याला नाकारले नव्हते. प्रेक्षक नाकारतील या धाकाने त्याला आधीच थकवून टाकले होते. आपण प्रेक्षक म्हणून कुणाचेही वाईट केलेले नसते आणि तरीही आपल्या नावाने असे किती नट रंगभूमीला मुकत असतील, याचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा?

दार दोन्ही बाजूंनी उघडावे

अलीकडे या प्रश्नाला एक नवे वळण मिळाले आहे. समलिंगी व्यक्तिरेखा समलिंगी नटांनीच कराव्यात, असे पाश्चात्त्य देशांत अनेक जण म्हणू लागले आहेत. टॉम हँक्सला 'फिलाडेल्फिया'मधल्या (१९९३) अशाच भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले होते. आज आपण ती भूमिका करणे लोकांना पटणार नाही, आणि तसे न पटणे योग्यच आहे, असे तो २०२२ साली म्हणाला. या मागणीमागची वेदना मला कळते. ज्यांना नायकाच्या भूमिका मिळत नाहीत, त्यांच्याच आयुष्यावरच्या भूमिकाही इतरांनी न्याव्यात आणि वर 'केवढे धाडस केले' म्हणून शाबासकी मिळवावी, हे कुणाला झोंबणार नाही?

परंतु नियम म्हणून मला हे पटत नाही. भूमिका आणि नट एकच, ही जी समजूत गणपत पाटलांच्या घरावर कोसळली, तीच समजूत इथे सद्हेतूच्या वेषात परत येते. १९८१ साली तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये रोहिणी हट्टंगडी यांनी सुमित्रा देव उभी केली. महाविद्यालयातल्या नाटकात पुरुषाची भूमिका करता करता ही मुलगी नायिका झालेल्या मैत्रिणीच्या प्रेमात पडते आणि त्या प्रेमात उद्ध्वस्त होते. नाटकाचे प्रयोग फार झाले नाहीत, पण ज्यांनी ते पाहिले ते मित्राला विसरले नाहीत. पुढच्याच वर्षी पडद्यावर आली ती त्यांची कस्तुरबा, वर ज्याचा उल्लेख केला त्याच 'गांधी' चित्रपटातली. मित्रा आणि कस्तुरबा! एका देहाने ही दोन टोके एवढ्या जवळून पेलली, यालाच आपण अभिनय म्हणतो. आणि मनोज बाजपेयी यांच्या 'अलीगढ'मध्ये लताबाईंचे गाणे ऐकत एकटा बसलेला तो प्राध्यापक पाहताना माझे मन गलबलले. ज्या श्रीनिवास रामचंद्र सिरस यांच्या आयुष्यावर तो चित्रपट आहे, ते मराठीचेच प्राध्यापक, कवी. खाजगी आयुष्यावरून निलंबित झाले, न्यायालयात जिंकले आणि एप्रिल २०१० मध्ये, निकालानंतर आठवडाभरातच, वारले. बाजपेयी हे पत्नी-मुलीसह संसार करणारे नट आहेत, हे ठाऊक असूनही मला समोर सिरसच दिसत होते.

तेव्हा न्याय हवा तर तो दार दोन्ही बाजूंनी उघडून मिळेल. संसारी नटाने सिरस व्हावे, आणि पुरुषावर प्रेम करणाऱ्या नटाने धैर्यधर व्हावे, दुष्यंत व्हावे, हवे तर सासरेबुवाही व्हावे. पहिली गोष्ट आपण टाळ्या वाजवून स्वीकारली आहे. दुसरीची आपली तयारी आहे की नाही, हे निर्मात्यांना कळायचे असेल तर ते तिकीटखिडकीवरच कळेल.

माझ्यापुरते उत्तर सांगतो. नटाचा लैंगिक कल कळल्याने आपली नजर क्षणभर बदलते, हे मी नाकारत नाही. आपण माणसे आहोत. पण तो बदल चार मिनिटांचा आहे, आणि नट चांगला असेल तर चारही नाहीत. ती चार मिनिटे निमूटपणे जाऊ देणे, एवढेच रसिकाचे कर्तव्य आहे. शिट्टी घालण्याचा मोह त्यानेच आवरायचा आहे, कोपराने शेजाऱ्याला ढोसण्याचाही.

या दिवाळीच्या सुट्टीत दुपारच्या वेळी एखाद्या वाहिनीवर जुना तमाशापट लागला आणि त्यात गणपत पाटील दिसले, तर या खेपेस त्यांच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहा. वळताना आधी मान वळते की खांदा, संवाद संपल्यावर बोट गालाशी किती वेळ टेकते, हशा येणार हे ओळखून पुढचे वाक्य ते किती नेमके थांबवून ठेवतात, हे मोजा. हे सारे त्या गृहस्थाने कष्टाने कमावले होते. ते श्रेय त्यांच्या हयातीत आपण त्यांना दिले नाही. निदान आता द्यावे.